विमानातील दुसरा रेडिओ : बदलावा, दुरुस्त करावा की तसाच ठेवावा?

अंधेरी आणि विलेपार्ले यांच्या पश्चिमेस, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेला जुहूचा विमानतळ उपनगरातील रहिवाशांना आज हेलिकॉप्टरांच्या घरघरीमुळेच अधिक परिचित आहे. १९२८ साली सुरू झालेला हा देशातील पहिला नागरी विमानतळ. येथील बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळविला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून निघून, अहमदाबादमार्गे, टपालाच्या पिशव्या घेऊन ते जुहूलाच उतरले. त्यांच्या ‘पस मॉथ’ विमानात रेडिओ नव्हता. होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणारा किनारा यांच्या भरवशावर तो प्रवास झाला.

आज त्याच आकाशात बिनारेडिओचे विमान ही कल्पनाही करता येत नाही. उलट, शिकाऊ वैमानिकांच्या चार आसनी विमानातही बहुधा दोन रेडिओ असतात. पहिला सहसा नवा, रंगीत पडद्याचा आणि उपग्रह दिशादर्शनाची जोड असलेला असतो. दुसरा मात्र वीस-तीस वर्षांपूर्वीचा. हा दुसरा संच कुरकुर करू लागला की विमानाचा मालक, फ्लाइंग क्लबचे चालक आणि देखभाल अभियंता यांच्यासमोर एक प्रश्न उभा राहतो. तो बदलावा, दुरुस्त करून घ्यावा, की पहिला उत्तम चालतो आहे म्हणून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करावे?

हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात किमान २०० तासांचे उड्डाण करावे लागते आणि त्याचा खर्च बहुतांशी विद्यार्थ्यांच्या पालकांच्या खिशातून होतो. विमानावर होणारा प्रत्येक खर्च अखेर तासाच्या दरात उतरतो. तर दुसऱ्या बाजूला, एकट्याने उडणारा विद्यार्थी आणि जमिनीवरचा नियंत्रक यांच्यात एका आवाजाचाच धागा असतो. पैसा आणि सुरक्षितता यांपैकी कोणाचीही उधळपट्टी न करता निर्णय कसा घ्यावा, याचा हा आढावा.

दोन रेडिओ कशासाठी?

नागरी विमानांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या अतिउच्च कंप्रतेच्या, म्हणजे व्हीएचएफ पट्ट्यात चालते. त्याच्या लगेच खाली, १०८ ते ११८ मेगाहर्ट्झमध्ये दिशादर्शक केंद्रांचे आणि धावपट्टीकडे नेणाऱ्या अवतरण यंत्रणेचे संकेत असतात. आपल्या घरातील एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर चालतो. म्हणजे एफएमची काडी जिथे संपते तिथूनच विमानांची हद्द सुरू होते. फरक एवढाच, की विमानांचे संभाषण एफएमवर नव्हे तर जुन्या एएम पद्धतीने होते. एएममध्ये दोघे एकाच वेळी बोलू लागले तर कर्कश शिट्टीसारखा आवाज येतो आणि आपले बोलणे कोणाच्या तरी बोलण्यावर आदळले, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते. मात्र त्या शिट्टीत दोघांचेही शब्द हरवतात. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ येथे दोन जम्बो विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले, त्या दुर्घटनेत असाच एक महत्त्वाचा संदेश दोन प्रक्षेपणांच्या टकरीत बुडाला होता.

वैमानिकांच्या बोलीत पहिल्या संचाला ‘कॉम वन’ आणि दुसऱ्याला ‘कॉम टू’ म्हणतात. कॉम टूची कामे तीन. पहिले, पहिला संच बंद पडल्यास त्याची जागा घेणे. दुसरे, नियंत्रकाशी बोलणे न थांबवता विमानतळाचे ध्वनिमुद्रित हवामानवृत्त ऐकणे किंवा पुढच्या नियंत्रकाची कंप्रता लावून ठेवणे. तिसरे, १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या कंप्रतेवर कान ठेवणे. उपग्रहांनी या कंप्रतेवरील संकटसंदेश टिपणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले आहे आणि त्यांची जागा ४०६ मेगाहर्ट्झने घेतली आहे. तरीही १२१.५ वर आजही माणसे बोलतात, आणि ती ऐकण्याचे काम आकाशातील इतर वैमानिकांवरही येते.

यांपैकी आपल्या विमानात कॉम टू प्रत्यक्षात कोणते काम करतो, हे आधी लिहून काढावे. धावपट्टीभोवती घिरट्या घालून केवळ उड्डाण-अवतरणाचा सराव करणाऱ्या विमानात तो महिनोन्‌महिने मुका राहतो. धुळ्याहून नाशिक, औरंगाबाद वा इंदूरकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या सरावात मात्र त्याच्यावर रोजचा भार असतो. एकाच संचाचे मोल या दोन विमानांत सारखे असू शकत नाही.

मुंबईचे गजबजलेले आकाश

जुहूची धावपट्टी सांताक्रूझच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या इतकी जवळ आहे, की दोन्हींची गल्लत झाल्याची उदाहरणे इतिहासात नोंदली गेली आहेत. १५ जुलै १९५३ रोजी बीओएसी कंपनीचे ‘कॉमेट’ जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही आणि काही दिवसांनी ते हलके करून उडवून नेण्यात आले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली. ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले, काही प्रवासी जखमी झाले आणि विमान निकामी झाले. प्राणहानी मात्र टळली. डोळ्यांनी पाहिलेले रेडिओच्या साहाय्याने पडताळून घ्यावे, हा धडा या दोन्ही घटनांत आहे.

त्यानंतरच्या काळात हे आकाश अधिकच दाटले. अरबी समुद्रातील तेलक्षेत्राकडे जाणारी हेलिकॉप्टरे जुहूहूनच उडतात. सांताक्रूझची एकच धावपट्टी एका वेळी वापरात असूनही तेथे २०१८ साली एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाली. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळही प्रवाशांसाठी खुला झाला. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण प्रशिक्षण जुहूऐवजी धुळ्याला चालते, बारामती आणि गोंदियाजवळील बिरसी येथेही प्रशिक्षण संस्था आहेत, यामागे या गर्दीचा वाटा मोठा आहे.

लहान विमान नादुरुस्त झाल्यास त्याची झळ केवळ विमानातील माणसांनाच बसते असे नाही, हे घाटकोपरकरांना वेगळे सांगायला नको. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी निघालेले ‘किंग एअर’ विमान घाटकोपरच्या वस्तीत बांधकाम सुरू असलेल्या जागी कोसळले. विमानातील चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी असे पाच जण त्यात गेले. त्या अपघाताचा विषय रेडिओचा नव्हता. परंतु दाट वस्तीवरून जाणाऱ्या विमानाच्या देखभालीत ‘चालते आहे तोवर चालू द्या’ हे धोरण किती महाग पडू शकते, याची जाणीव ठेवूनच पुढचा हिशेब मांडायला हवा.

पल्ला वॅटवर नव्हे, उंचीवर

रेडिओ नीट ऐकू येत नाही अशी तक्रार आली, की अधिक शक्तीचा नवा संच घ्यावा असे अनेकांना वाटते. येथे व्हीएचएफ लहरींचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे. या लहरी सरळ रेषेत जातात. डोंगराला वळसा घालत नाहीत, की पृथ्वीच्या वक्रतेबरोबर फारशा वाकत नाहीत. त्यामुळे त्यांचा पल्ला मुख्यतः विमानाच्या उंचीवर ठरतो. ढोबळ नियम असा : उंची फुटांमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळास १.२३ ने गुणले की सागरी मैलांतील पल्ला मिळतो. १,००० फुटांवर तो सुमारे ३९ सागरी मैल म्हणजे ७२ किलोमीटर येतो. ३,००० फुटांवर सुमारे १२५ किलोमीटर आणि ८,००० फुटांवर २०० किलोमीटरच्या थोडा पुढे.

हा हिशेबही मैदानी प्रदेशाचा. मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर उभे आहेत. त्यांतील सर्वात उंच शिखर जेमतेम ४६८ मीटरचे आहे. तरीही कमी उंचीवरच्या विमानाला पलीकडचे ऐकू येण्यात ते अडसर ठरू शकतात. धुळ्याकडे जाताना आडवा येणारा सह्याद्री तर कळसूबाईपाशी १,६४६ मीटरवर पोहोचतो. घाटामागे खाली उडणाऱ्या विमानाचा आवाज मुंबईला ऐकू आला नाही, तर तो रेडिओचा दोष नव्हे.

१० वॅटच्या जागी १६ वॅटचा संच लावल्याने क्षितिज पुढे सरकत नाही. विमान क्षितिजाच्या आत असूनही आवाज क्षीण येत असेल, तर बहुतेक वेळा कारण संचाबाहेर सापडते.

दोष रेडिओचा की अँटेनाचा?

म्हणूनच नव्या संचाची चौकशी करण्यापूर्वी जुन्या जोडण्या तपासाव्यात. रेडिओपासून अँटेनापर्यंत जाणारी जाड केबल, तिच्या दोन्ही टोकांचे जोड, अँटेनाच्या बुडाशी असलेला रबरी गॅस्केट, हेडसेटची भोके, दांड्यावरचे बोलण्याचे बटण आणि ध्वनीचे वाटप करणारी पट्टी, अशी ही साखळी आहे. यांपैकी कोणतीही कडी सैल झाली तरी ‘रेडिओ बिघडला’ अशीच नोंद वहीत होते.

किनाऱ्यालगत ठेवलेल्या विमानात हा संशय दुप्पट घ्यावा. जुहूच्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात अँटेनाच्या बुडाशी पाणी मुरते, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पांढरी बुरशीसारखी गंज चढते आणि अँटेनाला विमानाच्या अंगाचा जो विद्युत-आधार लागतो तोच तुटतो. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने निकामी होत असे म्हणून टाटांची टपालसेवा त्या काळात पुण्याहून चालविली जाई. धावपट्टी पक्की झाली. हवा मात्र तीच आहे.

तपासणीची सोपी पद्धत अशी, की देखभाल अभियंत्याने दोन्ही रेडिओंच्या अँटेना-केबल आपसात बदलून पाहाव्यात. तक्रार केबलबरोबर दुसऱ्या रेडिओकडे गेली तर दोष केबल अथवा अँटेनात आहे. ती मूळ रेडिओतच राहिली तर दोष संचात किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात. त्याचप्रमाणे दुसरा हेडसेट लावून आणि शेजारच्या आसनावरचे बटण दाबून पाहावे. अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते हे मोजण्याचे मीटर प्रत्येक रेडिओ दुरुस्ती केंद्रात असते. या तपासणीला एखादा दिवस लागतो. ती न करता नवा संच बसवला, तर जुन्या गंजक्या केबलवर नवा संचही तितकाच अस्पष्ट बोलेल आणि पैसे मात्र गेलेले असतील.

जुन्या संचांची दुखणी

दोष संचातच आहे असे ठरल्यावर तो कोणत्या पिढीचा आहे ते पाहावे. सेस्ना आणि पायपर विमानांत दोन संच सर्वाधिक आढळतात. किंग कंपनीचा ‘केएक्स १७० बी’ हा यांत्रिक चकत्यांनी कंप्रता लावण्याचा संच. त्यावर एका वेळी एकच कंप्रता लावता येते; पुढची तयार ठेवण्याची सोय नाही. वर्षानुवर्षे फिरवून चकत्यांचे संपर्क झिजतात आणि मग मधल्याच कंप्रता दगा देतात. त्यानंतरचा ‘केएक्स १५५’ हा अंकदर्शक संच अतिशय टिकाऊ म्हणून नावाजला गेला. चालू आणि राखीव अशा दोन कंप्रतांची एका बटणासरशी अदलाबदल करण्याची सोय त्यात आहे. त्याचे नेहमीचे दुखणे म्हणजे वायूने भरलेला नारिंगी अंकदर्शक. तो हळूहळू मंद होतो, एखाद्या अंकाची रेघ उमटेनाशी होते आणि ३ आणि ८ यांत फरक करणे कठीण जाते. अंकदर्शक बदलून मिळतो, पण तो स्वस्त नसतो आणि सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत.

येथे एक व्यवहारी नियम उपयोगी पडतो. पहिलीच दुरुस्ती असेल, दोष नेमका सापडला असेल आणि दुरुस्ती केंद्र तिची हमी देत असेल, तर दुरुस्ती करावी. त्याच संचाची दोन वर्षांत तिसरी दुरुस्ती असेल, किंवा ‘तपासला, दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन तो वारंवार परत येत असेल, तर दुरुस्तीवरचा पुढचा रुपया वाया जाणार असे समजावे. अधूनमधून बंद पडणारा संच हा कायमचा बंद पडलेल्या संचापेक्षा अधिक धोकादायक असतो. बंद संचावर कोणी विसंबत नाही. लहरी संचावर मात्र ऐन वेळी भिस्त ठेवली जाते.

नव्या संचात काय मिळते?

नव्या पिढीच्या संचांत काही सोयी खरोखर मोलाच्या आहेत. राखीव कंप्रतेवरील बोलणे ऐकण्याची सोय त्यांपैकी एक. एकाच संचावर नियंत्रकाशी बोलत असताना दुसरी कंप्रताही ऐकता येते. आणि नियंत्रक बोलू लागताच दुसरा आवाज आपोआप थांबतो. दुसरी सोय अधिक महत्त्वाची. बोलण्याचे बटण अडकून बसले, तर ते विमान सतत प्रक्षेपण करीत राहते आणि त्या कंप्रतेवर इतर कोणालाच बोलता येत नाही. शिकाऊ विमानांत हे घडते. नवे संच सुमारे अर्ध्या मिनिटानंतर असे प्रक्षेपण स्वतःहून तोडतात. मुंबईसारख्या गजबजलेल्या क्षेत्रात हा लाभ त्या विमानापेक्षा इतरांचाच अधिक आहे. याशिवाय नवे संच हलके असतात, वीज कमी खातात आणि कमी तापतात.

वाहिन्यांमधील अंतराचा मुद्दाही वारंवार पुढे येतो. दोन वाहिन्यांमध्ये २५ किलोहर्ट्झ अंतर धरले, तर संभाषणाच्या पट्ट्यात ७६० वाहिन्या बसतात. युरोपात त्या पुरेनाशा झाल्या, म्हणून हे अंतर एक तृतीयांश, म्हणजे ८.३३ किलोहर्ट्झ करण्यात आले आणि तेथे १ जानेवारी २०१८ पासून लहान विमानांनाही तसे संच सक्तीचे झाले. युरोपचा हा नियम धुळे किंवा बारामतीच्या विमानाला बांधील नाही. त्यामुळे केवळ या एका कारणासाठी चालता संच मोडीत काढण्याची घाई करू नये. मात्र अन्य कारणांनी नवा संच घ्यायचेच ठरले, तर दोन्ही अंतरांवर चालणाराच घ्यावा. रेडिओ पंचवीस-तीस वर्षे वापरायचा असतो, आणि पुढे विमान विकायचे झाल्यास त्याची किंमतही टिकते.

मार्गदर्शनाचा विसरलेला अर्धा भाग

कॉम टू हा बहुधा नुसता संभाषण-संच नसतो. त्याच पेटीत दिशादर्शनाचा संचही असतो. पहिल्या संचात उपग्रह दिशादर्शन आल्यापासून या अर्ध्या भागाकडे दुर्लक्ष होते. अनेक मालक दुसरा संच बदलताना फक्त बोलण्याचा संच घेतात, कारण तो स्वस्त पडतो. येथे थांबून विचार करावा.

उपग्रहांचे संकेत अतिशय क्षीण असतात. ते दाबून टाकता येतात, आणि खोटे संकेत पाठवून विमानाला चुकीची जागाही दाखवता येते. अशा घटना जगभर वाढल्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय विमान कंपन्यांसाठी त्याविषयी सूचना जारी केल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली परिसरात असे प्रकार घडल्याने हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. उपग्रह दगा देतो तेव्हा जमिनीवरचे व्हीओआर केंद्र आणि अवतरण यंत्रणा हाच आधार उरतो. पहिल्या संचातही व्हीओआर ग्राहक असला, तरी तो संच बंद पडला की बोलणे आणि दिशा दोन्ही एकदम जातात. अशा वेळी दिशादर्शन असलेला दुसरा संच ही चैन ठरत नाही. केवळ उघड्या हवेत, डोळ्यांना दिसेल तेवढेच उडणाऱ्या विमानाला बोलण्यापुरता संच चालेल; उपकरणांवर उडण्याचे शिक्षण देणाऱ्या विमानाला चालणार नाही.

दिशादर्शनाचा जुना ग्राहक असल्यास आणखी एक गोष्ट पाहावी. एफएम केंद्रांची प्रबळ प्रक्षेपणे शेजारच्या पट्ट्यातील दिशादर्शक संकेतांत घुसतात. म्हणून १ जानेवारी १९९८ पासून आंतरराष्ट्रीय मानकांनुसार व्हीओआर आणि अवतरण यंत्रणेच्या ग्राहकांत एफएमरोधक क्षमता आवश्यक ठरली. मुंबईसारख्या, एफएम केंद्रांनी भरलेल्या शहराभोवती उडणाऱ्या विमानात त्याआधीचा ग्राहक असेल, तर त्याच्या सुईवर किती विश्वास ठेवायचा हे अभियंत्याला विचारावे.

दोन संच, पण बॅटरी एकच

दुसरा रेडिओ म्हणजे पूर्ण विमा, हा समज सर्वात घातक. छोट्या विमानात दोन्ही रेडिओ एकाच अल्टरनेटरवर आणि एकाच बॅटरीवर चालतात; पुष्कळदा दोघांना एकाच खटक्यातून वीज मिळते. अल्टरनेटर बंद पडला आणि बॅटरी उतरली की पहिला जातो, दुसराही जातो. रेडिओ बंद पडल्याचे कळविण्यासाठी ट्रान्सपॉंडरवर ७६०० हा संकेत लावायचा असतो. पण वीजच गेली तर ट्रान्सपॉंडरही मुका होतो. मग उरतात ती टॉवरवरून दाखविली जाणारी प्रकाशचिन्हे : स्थिर हिरवा म्हणजे उतरण्यास परवानगी, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट देऊन घिरट्या चालू ठेवा, लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या आणि लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित, उतरू नका.

अशा प्रसंगी कितीही महागडा कॉम टू उपयोगाचा नाही. स्वतःच्या बॅटरीवर चालणारा हातातला संच उपयोगाचा आहे. त्याची शक्ती जेमतेम दीड-दोन वॅट असते आणि धातूच्या विमानात बसून त्याच्या रबरी अँटेनाचा पल्ला फार नसतो. परंतु विमानाच्या बाहेरील एखाद्या अँटेनाला तो जोडण्याची सोय करून ठेवली आणि हेडसेटची जोडणी सोबत बाळगली, तर टॉवरशी बोलून उतरण्याइतके काम तो निश्चित करतो. तो वापरण्यासाठी दूरसंचार विभागाची परवानगी लागते, हे विसरू नये. बिघाडाच्या निरनिराळ्या शक्यतांचा विचार केला, तर दुरुस्त केलेला जुना कॉम टू आणि परवानाधारक हातातला संच ही जोडी अनेकदा एकट्या नव्या कॉम टूपेक्षा सरस ठरते.

कागदपत्रे आणि खर्च

मोटारीत स्टीरिओ बदलावा तसा विमानात रेडिओ बदलता येत नाही. बदल त्या प्रकारच्या विमानासाठी मंजूर असावा लागतो आणि काम महासंचालनालयाची मान्यता असलेल्या देखभाल संस्थेने, पात्र अभियंत्याच्या सहीने करावे लागते. नव्या संचासह विमानाचे वजन आणि समतोल यांची नोंद सुधारावी लागते, विजेच्या भाराचा हिशेब करावा लागतो आणि विमानातील रेडिओ केंद्राच्या परवान्यातील नोंदही जुळवून घ्यावी लागते. संच मागवण्यापूर्वी विमानाची विद्युतव्यवस्था १४ व्होल्टची आहे की २८, हेही पाहावे. जुन्या आणि नव्या सेस्नांत ती वेगवेगळी आहे आणि एकीसाठीचा संच दुसरीत चालेलच असे नाही.

खर्चाचा अंदाज करताना संचाची किंमत हा केवळ पहिला आकडा धरावा. जुन्या चौकटीत सरकवता येईल असा संच नसेल, तर नवी चौकट, नवी वायरिंग आणि कधी कधी नवा दिशादर्शक काटाही लागतो. मजुरीचा आकडा पुष्कळदा संचाच्या किमतीच्या जवळ जातो. कराच्या बाबतीत मात्र थोडा दिलासा आहे : १५ जुलै २०२४ पासून विमानांच्या सुट्या भागांच्या आयातीवर, विहित अटींच्या अधीन राहून, सरसकट ५ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो. तिसरा आकडा बहुतेक जण विसरतात. संच येईपर्यंत आणि बसेपर्यंत विमान किती दिवस जमिनीवर राहील? फ्लाइंग क्लबमध्ये त्या प्रत्येक दिवसाचे तास विद्यार्थ्यांचे असतात. म्हणूनच संच आधी मागवून ठेवावा आणि विमानाची वार्षिक तपासणी चालू असताना, पत्रे उघडलेले असतानाच तो बसवून घ्यावा. त्याच वेळी अँटेनाची केबलही बदलून टाकावी. तिची किंमत एकूण खर्चात नगण्य असते.

निर्णय कसा घ्यावा?

एवढ्या विवेचनाचे सार पुढील क्रमाने मांडता येईल.

१. विमानाच्या प्रकाराला आणि त्याच्या उड्डाणांना नियमांनुसार किती व कोणते संच आवश्यक आहेत, ते प्रथम पाहावे. आवश्यक संच नादुरुस्त असेल, तर चर्चा तिथेच संपते.

२. केबल, अँटेना, हेडसेट आणि बटण यांची तपासणी पूर्ण होईपर्यंत संचाला दोष देऊ नये.

३. पहिलाच, नेमका सापडलेला दोष असल्यास दुरुस्ती करावी.

४. वारंवार येणारा, न सापडणारा दोष, न वाचता येणारा अंकदर्शक किंवा न मिळणारे सुटे भाग यांपैकी काहीही असल्यास संच बदलावा.

५. बदलताना, उपकरणांवर उडणाऱ्या विमानासाठी दिशादर्शनासह, आणि दोन्ही वाहिनी-अंतरांवर चालणारा संच घ्यावा.

६. पहिला संचही जुना असेल, तर दोन्हींचा विचार एकत्र करावा. नवा संच पहिल्या जागी बसवून आजचा पहिला संच दुसऱ्या जागी हलवणे अनेकदा अधिक शहाणपणाचे असते.

७. बदल वा दुरुस्ती काहीही ठरो, वीज गेल्यास काय करायचे याची स्वतंत्र तजवीज असावी.

चालता दुसरा संच केवळ जुना दिसतो म्हणून बदलण्याचे कारण नाही, आणि लहरी झालेला संच केवळ ‘दुसरा’ आहे म्हणून खपवून घेण्याचेही कारण नाही. त्याची खरी परीक्षा रोजच्या उड्डाणातच होऊ शकते. दर उड्डाणापूर्वी टॉवरशी पहिले बोलणे एक दिवस कॉम वनवर आणि दुसऱ्या दिवशी कॉम टूवर करावे, आणि ऐकू आलेल्या आवाजाचा दर्जा वहीत लिहावा. सहा महिन्यांच्या अशा नोंदी हाती असल्या, की बदलावे की दुरुस्त करावे याचे उत्तर विक्रेत्याकडून ऐकण्याची गरज राहत नाही.